मुक्या जनावराचा डोळा

(रामाकोना येथे पशुपालक व प्राणिप्रेमी नागरिकांच्या सभेत केलेले भाषण)



पोळा तोंडावर आला आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे खांदशेकणी होते. वर्षभर जूं वाहून कढलेल्या बैलाच्या खांद्याला तूप व हळद लावून पळसाच्या पानांनी शेक दिला जातो आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण त्याच्या कानात सांगितले जाते. कृतज्ञतेचा इतका सुंदर विधी अन्यत्र क्वचितच असेल. तथापि या सोहळ्यात बैलाचा खांदा पाहिला जातो, खूर पाहिले जातात, शिंगे साळून रंगविली जातात. डोळा मात्र कोणी पाहत नाही. तान्ह्या पोळ्यातील लाकडी नंदीचे डोळे आपण कौतुकाने रंगवितो, पण गोठ्यातील नंदीच्या डोळ्यातून चार दिवस पाणी गळत असले, तर माशी बसली असेल असे म्हणून पुढे जातो. त्या गळणाऱ्या पाण्याविषयी आज मला बोलावयाचे आहे.

मी पशुवैद्य नाही. कला शाखेचा पदवीधर आहे आणि शासनाच्या प्रसिद्धीचे काम करतो. पशुवैद्यांच्या सहवासात राहून जे ऐकले, पाहिले व वाचले, ते आपल्यापुढे ठेवणे एवढेच माझे काम. हे सांगण्यासाठी महाराष्ट्रातून मध्यप्रदेशात येण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर हीच या भागाची राजधानी होती. त्यानंतर राज्ये वेगळी झाली आणि २०२३ च्या ऑक्टोबर महिन्यात सौंसर व पांढुर्णा या तहसिली छिंदवाड्यातून वेगळ्या निघून आपला नवा पांढुर्णा जिल्हाही झाला. पण ज्या पांढऱ्या, चपळ गवळाऊ जनावरांचा आपणांस अभिमान वाटतो, त्यांचा मुलूख वर्धा, नागपूर, छिंदवाडा, शिवनी व बालाघाट असा सलग पसरलेला आहे. गवळाऊ बैलाने सीमा मानलेली नाही. त्याच्या आजारानेही मानलेली नाही.

प्रथम डोळ्याच्या रचनेविषयी थोडेसे. डोळ्याच्या पुढच्या बाजूस, बुबुळावर, घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक पडदा असतो. वैद्यकात त्यास पारपटल म्हणतात. कुत्र्याच्या डोळ्यात त्याची जाडी अर्ध्या मिलिमीटरहून थोडी अधिक, म्हणजे पोस्टकार्डाच्या दोनतीन पानांइतकी असते. त्यात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून तो स्वच्छ राहतो. परंतु त्याच कारणाने त्याची जखम भरून येण्यास अवधी लागतो. त्यामागे नेत्रभिंग आणि सर्वांत आत दृष्टिपटल. गाय, बैल, कुत्रा, मांजर यांच्या डोळ्यात दृष्टिपटलामागे एक चकाकणारा थर असतो, जो आपल्या डोळ्यात नाही. रात्री बॅटरीच्या उजेडात त्यांचे डोळे चमकतात ते यामुळेच. याशिवाय त्यांना नाकाच्या बाजूने येणारी तिसरी पापणी असते. जाता जाता हेही सांगावेसे वाटते की, गुराढोरांना व कुत्र्यांना लाल रंग आपल्यासारखा ओळखता येत नाही. पोळ्याच्या दिवशी शिंगांना लाविलेल्या हिंगुळाचा आनंद सर्वस्वी आपला. बैलाला त्याचा पत्ता नसतो.

जनावराच्या डोळ्याचा आजार उशिरा कळतो, ही यातील मुख्य अडचण होय. माणसाला धूसर दिसू लागले की तो बोलतो, तक्रार करतो. कुत्रा बोलत तर नाहीच, पण तो कमालीचा हुशार असल्यामुळे आपले अंधत्व झाकून नेतो. घरातील बाज कोठे, रांजण कोठे, उंबरठा केवढा, हे त्याला पाठ असते. नाक व कान शाबूत असल्यामुळे तो जवळजवळ पूर्वीसारखाच वावरतो. एक दिवस घरात लग्नकार्य निघते, सामान हलते, आणि कुत्रा भिंतीवर आदळू लागतो. मग घरचे लोक म्हणतात, काल रात्रीपासून दिसेनासे झाले. वास्तविक दृष्टी कित्येक महिन्यांपूर्वीच गेलेली असते.

ही गोष्ट ओळखण्याची एक सोपी परीक्षा पशुवैद्य सांगतात, आणि कपाशीच्या या प्रदेशात तिला खर्चही नाही. कापसाचा एक बोळा घ्यावा आणि प्राण्याच्या डोळ्यांसमोर थोड्या अंतरावरून अलगद खाली सोडावा. कापूस पडताना आवाज होत नाही, त्याला वासही फारसा नसतो. ज्याला दिसते तो प्राणी नजरेने त्याचा पाठलाग करतो. ज्याला दिसत नाही तो स्थिर राहतो. अर्थात कंटाळलेला कुत्राही कधी कधी दुर्लक्ष करतो, म्हणून ही परीक्षा दोन-चार वेळा व दोन्ही बाजूंनी करावी. काही जण डोळ्यापुढे हात हालवून पाहतात. त्यात हाताचा वारा मिशांना लागतो आणि प्राणी केवळ वाऱ्याने डोळे मिटतो. त्यावरून फसगत होते.

आता ज्या मुद्द्यासाठी आपणांस वेळ मागितला त्याकडे वळतो. प्राणी एक डोळा अर्धवट मिटून ठेवीत असेल, उजेड टाळीत असेल, डोळ्यातून पाणी किंवा चिपडे येत असतील, तर त्याला डोळ्यात वेदना आहे हे निश्चित समजावे. बहुधा पारपटलावर व्रण झालेला असतो. हा व्रण बाभळीच्या काट्याने होतो, पऱ्हाटीच्या धसकटाने होतो, तुतारीचे टोक चुकून लागल्याने होतो, मांजराच्या नखाने होतो. पावसाळा सरल्यावर माळावरच्या गवताची कुसळे कुत्र्याच्या तिसऱ्या पापणीमागे जाऊन अडकतात आणि प्रत्येक उघडझापीबरोबर पारपटलावर घासत राहतात. दुसऱ्याच्या डोळ्यातील कुसळ दिसते, अशी म्हण आपण एकमेकांना टोचण्यासाठी वापरतो. कुत्र्याच्या डोळ्यातील खरे कुसळ मात्र तिसरी पापणी उचलून पाहिल्याखेरीज दिसत नाही, आणि ते काम डोळ्यात बधिरतेचे औषध घालून पशुवैद्यानेच करावयाचे असते.

अशा वेळी आपण काय करतो? एका पशुचिकित्सालयाच्या ओट्यावर बसलो असताना एक वृद्ध शेतकरी आपला बैल घेऊन आला. बैलाचा उजवा डोळा संपूर्ण पांढरा झाला होता. आठ दिवसांपूर्वी पाणी गळू लागले, तेव्हा त्यांनी तंबाखू चावून तिची चूळ डोळ्यात मारली. दोन दिवसांनी बारीक वाटलेले मीठ फुंकले. “आमचे वडील हेच करीत, आणि जनावरं बरी होत,” असे ते म्हणाले. ते खोटे बोलत नव्हते. पारपटलावरचा वरवरचा ओरखडा, त्यात जंतू शिरले नाहीत तर, पुष्कळदा काही दिवसांत आपोआप भरून येतो. तो मीठ टाकूनही भरतो, न टाकताही भरतो. श्रेय मात्र मिठाला मिळते. ज्या जनावरांचे डोळे मिठाने व तंबाखूने गेले, त्यांची आठवण कोणी ठेवीत नाही, कारण ती जनावरे बाजाराला गेलेली असतात. त्या बैलाचा डोळा वाचला नाही. त्या गृहस्थांचे बैलावर प्रेम नव्हते, असे म्हणण्याची माझी छाती नाही. बैलाला तपासत असता त्यांचा हात सारखा त्याच्या वशिंडावरून फिरत होता.

जुन्या उपायांनाच दोष देऊन मला थांबता येणार नाही. सुशिक्षित घरांतील नवा उपाय त्याहून घातक आहे. घरात कोणाचे तरी डोळे आले होते किंवा आजोबांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली होती, त्या वेळची औषधाची बाटली फळीवर शिल्लक असते. तीच कुत्र्याच्या डोळ्यात घातली जाते. अशा बाटल्यांपैकी कित्येकींत डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन यांसारखे स्टिरॉइड असते. त्याने डोळ्याची लाली उतरते आणि मालकाला समाधान वाटते. पण पारपटलावर व्रण असेल तर हेच औषध जखम भरण्याची क्रिया रोखते, जंतूंना मोकळे रान देते आणि पारपटल अक्षरशः वितळू लागते. दोन-तीन दिवसांत त्याला आरपार भोक पडल्याची उदाहरणे पशुवैद्य सांगतात. म्हणून बाटलीवरील ही दोन नावे कृपा करून लक्षात ठेवावीत. औषधाच्या दुकानदारांनाही माझी विनंती आहे की, ही औषधे चिठ्ठीशिवाय देण्याची नाहीत हा नियम कुत्र्यासाठी आलेल्या गिऱ्हाइकालाही लागू आहे.

मग घरी काय करावे? उकळून गार केलेल्या पाण्याने, स्वच्छ कापसाने, चिपडे हळुवार पुसावीत. प्राण्याला सावलीत व माश्यांपासून दूर बांधावे. तो पंजाने डोळा खाजवीत असेल तर खाजवू देऊ नये; गळ्याभोवती नरसाळ्याच्या आकाराची पुठ्ठ्याची पट्टी बांधता येते. फवारणीचे औषध किंवा चुना डोळ्यात गेला असेल तर मात्र क्षणाचाही विलंब न लाविता पंधरा-वीस मिनिटे सतत स्वच्छ पाण्याची धार धरावी. संत्र्याच्या बागांत व कपाशीत फवारणी चालू असताना जनावरे वाऱ्याच्या दिशेला बांधू नयेत, हे सांगण्याची गरज पडू नये. पण ती पडते. एवढे केले की पशुवैद्याला गाठावे, आणि तेही त्याच दिवशी. मध्यप्रदेशात १९६२ या क्रमांकावर दूरध्वनी केल्यास फिरते पशुचिकित्सा वाहन घरापर्यंत येते. ही सेवा २०२३ पासून सुरू झाली आहे.

पशुवैद्य डोळ्यात फ्लुरोसीन नावाच्या रंगाची कागदी पट्टी टेकवितो. धुतल्यावर निरोगी पारपटलावर रंग राहत नाही. जेथे व्रण आहे तेथे मात्र हिरवी खूण उमटते. दुसरी पट्टी अश्रू मोजण्याची. ती पापणीत अडकवून एक मिनिट ठेवतात. कुत्र्याच्या बाबतीत साधारण पंधरा मिलिमीटर किंवा त्याहून अधिक ओली झाली तर अश्रू पुरेसे समजतात. या दोन्ही तपासण्यांना मोठे यंत्र लागत नाही. गावपातळीवर एवढे झाले, तरी निम्मी लढाई जिंकली, असे मला वाटते. डोळ्यातील दाब मोजणे, अंतर्भाग पाहणे, सूक्ष्मदर्शकाखाली टाके घालणे ही पुढची पायरी होय.

गुरांच्या डोळ्यांविषयी आणखी दोन-तीन गोष्टी सांगणे अवश्य आहे. पावसाळ्यात एका वासराचा डोळा आला आणि आठवड्यात गोठ्यातील निम्म्या जनावरांचे डोळे आले, असे घडते. मोराक्सेला बोव्हिस नावाचा जंतू माश्यांच्या पायांवरून एका डोळ्यातून दुसऱ्या डोळ्यात जातो. कडक ऊन व धूळ त्याला मदत करतात. दृष्ट लागली म्हणून मिरच्या ओवाळण्यापेक्षा आजारी जनावर वेगळे बांधावे आणि शेणाचा उकिरडा गोठ्यापासून दूर न्यावा. माश्यांमुळेच थेलाझिया नावाचे पांढऱ्या दोऱ्यासारखे बारीक जंतही डोळ्यात शिरतात. ते बोटाने किंवा दोऱ्याने काढण्याचा प्रयत्न करू नये. तिसरी गोष्ट चाऱ्याची. उन्हाळाभर केवळ वाळलेल्या कडब्यावर ठेविलेल्या जनावराच्या शरीरातील अ जीवनसत्त्वाचा साठा काही महिन्यांत संपतो. संध्याकाळी चरून येताना जनावर अडखळू लागले, तर तो रातांधळेपणा असू शकतो. तेवढ्यावर हिरवा चारा व औषध मिळाले तर दृष्टी परत येते. गाभण गाईची आबाळ फारच झाली तर वासरू जन्मतःच आंधळे निपजते, आणि मग इलाज राहत नाही.

कुत्र्या-मांजरांकडे वळतो. पूर्वी आपल्या गावात गावठी कुत्रा असे. त्याचे डोळे निसर्गाने ठीक बसविलेले आहेत. २००३ च्या सुमारास एका दूरध्वनी कंपनीच्या जाहिरातीत पग जातीचे कुत्रे दिसले आणि ते घरोघर आले. चपट्या नाकाच्या या जातीचे डोळे उथळ खोबणीत असतात आणि पापण्या नीट मिटत नाहीत. पारपटल कोरडे पडते, व्रण होतात. मानेला धरून ओढले किंवा दुसऱ्या कुत्र्याने झोंबी घेतली, तर डोळा खोबणीतून बाहेरही येतो. तसे झाल्यास तो आत ढकलू नये. स्वच्छ ओल्या फडक्याने झाकून तासा-दोन तासांत रुग्णालय गाठावे. हौसेने प्राणी घ्यावा, पण कोणता प्राणी घेतो आहोत ते समजून घ्यावा.

म्हाताऱ्या कुत्र्याच्या डोळ्यात निळसर झाक आली की मोतीबिंदू झाला असे लोक समजतात. सात-आठ वर्षांनंतर नेत्रभिंग घट्ट होऊन अशी झाक बहुतेक कुत्र्यांत येते. तिने दृष्टी फारशी जात नाही आणि तिला शस्त्रक्रियाही लागत नाही. खरा मोतीबिंदू वेगळा. मधुमेह झालेल्या कुत्र्यांत तो काही महिन्यांत पिकतो. कुत्रा एकाएकी फार पाणी पिऊ लागला आणि डोळे पांढरे दिसू लागले, तर रक्तातील साखर तपासावी. काचबिंदूमध्ये डोळा लाल, ताठ व मोठा दिसतो, आणि तेथे दिवसांचा नव्हे, तासांचा हिशेब असतो. गोचिडांमुळे होणाऱ्या तापात डोळ्याच्या आत रक्तस्राव होऊन कुत्रा आंधळा होऊ शकतो. सर्रा रोगात दोन्ही डोळे ढगाळतात. म्हणजे कधी कधी दुखणे रक्तात असते आणि ते दिसते डोळ्यात.

मांजरांविषयी एकच सांगतो. आपल्या शाकाहारी घरांतून मांजराला दूध-पोळीवर वाढविण्याची रीत आहे. मांसात असणारे टॉरीन नावाचे द्रव्य आहारात नसेल तर मांजराचे दृष्टिपटल झिजते, हे १९७५ साली सिद्ध झाले आहे. उंदीर मारणारे मांजर स्वतःची सोय पाहते. घरात कोंडलेल्या मांजराची सोय आपणच पाहिली पाहिजे.

इतका खर्च आणि यातायात कुत्र्याच्या डोळ्यासाठी कशाला, असा प्रश्न येतो. तो मी गैर मानत नाही. ज्या गावात माणसाच्या मोतीबिंदूसाठी शिबिराची वाट पाहिली जाते, तेथे तो येणारच. त्याला एक उत्तर असे. अश्रू कमी होऊन कुत्र्याचे डोळे कोरडे पडण्याच्या विकारावर अमेरिकेतील जॉर्जिया विद्यापीठातील पशुनेत्रतज्ज्ञ रेने कॅसवान यांनी १९८० च्या दशकात सायक्लोस्पोरीन या औषधाचा उपयोग शोधून काढला. त्याच द्रव्याचे थेंब २००२ साली तेथे माणसांच्या कोरड्या डोळ्यांसाठी मंजूर झाले. २००१ साली लान्सलॉट नावाच्या जन्मांध ब्रियार्ड कुत्र्याला जनुकोपचाराने दिसू लागल्याचा वृत्तांत प्रसिद्ध झाला आणि त्याच मार्गाने पुढे जाऊन २०१७ साली तशाच जन्मजात विकाराच्या रुग्णांसाठी उपचार मान्य झाला. पण खरे सांगावयाचे तर मला स्वतःला या उत्तराची आवश्यकता वाटत नाही. रात्रभर अंगणात जागणाऱ्या प्राण्याचा डोळा दुखत असेल, तर तो दुखतो एवढे कारण पुरेसे आहे.

तज्ज्ञ कोठे मिळतील? आपल्या देशात पशुनेत्रचिकित्सा बहुधा पशुवैद्यक महाविद्यालयांच्या शल्यचिकित्सा विभागात चालते. केवळ डोळ्यांचेच काम करणारे पशुवैद्य मुंबई, पुणे, चेन्नई अशा शहरांत आहेत, पण थोडे. मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ सालचे. जबलपूरचे १९४८ सालचे. पण ते येथून दोनशे किलोमीटरांहून अधिक दूर. नागपूरचे पशुवैद्यक महाविद्यालय १९५८ साली स्थापन झाले आणि २००० साली निघालेल्या महाराष्ट्र पशू व मत्स्यविज्ञान विद्यापीठात ते आहे. नागपुरात सेमिनरी हिल्सवर त्याचे रुग्णालय आहे आणि रामाकोन्याहून ते शंभर किलोमीटरच्या आतबाहेर पडते. तपासणीच्या टेबलावर प्राण्याला अधिवासाचा दाखला मागण्याची पद्धत नाही. जाताना स्थानिक पशुवैद्याची चिठ्ठी आणि आतापर्यंत डोळ्यात जे जे घातले त्याच्या बाटल्या सोबत न्याव्यात. मीठ किंवा तंबाखू घातली असेल तर तेही संकोच न करता सांगावे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसारख्या यंत्रसाध्य कामासाठी पुढे कोठे जावे आणि त्या डोळ्याला तिचा उपयोग होईल की नाही, हे तेथील शल्यचिकित्सक सांगतील. दृष्टिपटल निकामी असेल तर नुसते भिंग काढून दृष्टी येत नाही. शस्त्रक्रियेनंतर कित्येक आठवडे दिवसातून अनेक वेळा थेंब घालावे लागतात, हेही आधी विचारात घ्यावे.

आणि सर्व करूनही दृष्टी गेलीच तर? आंधळा कुत्रा समाधानाने जगतो. त्याच्या जेवणाची व पाण्याची भांडी जागची हलवू नयेत, विहिरीला कठडा असावा, जवळ जाताना आधी नाव घेऊन हाक मारावी. आंधळ्या बैलाचे दैव इतके चांगले नसते. एका डोळ्याने गेलेल्या बैलाची किंमत बाजारात किती घसरते, ते आपण माझ्यापेक्षा अधिक जाणता. त्याला विकावयाचे की ठेवावयाचे हा निर्णय ज्याच्या घरी चारा आहे त्यालाच करावा लागतो, आणि भाषण करणाऱ्याने त्यात उपदेश करू नये असे मला वाटते. म्हणूनच डोळा जाण्यापूर्वीच्या त्या पहिल्या दिवसाविषयी मी इतका वेळ बोललो.

सभेसाठी आलेल्या पशुवैद्यांनी रंगाच्या पट्ट्या सोबत आणल्या आहेत. ज्यांनी आपली जनावरे आणली आहेत त्यांनी शाळेच्या ओसरीसमोर थांबावे. गुरे डाव्या बाजूस, कुत्री उजव्या बाजूस, आणि मांजरे पिशवीतून बाहेर न काढता वर्गात आणावीत. ज्या बैलांच्या डोळ्यातून पाणी गळते आहे, त्यांना प्रथम पाहिले जाईल.